मंजूर भाराइतकं ऊन

कोनगावात दोन सूर्य आहेत. पहिला रोज सकाळी दुर्गाडी किल्ल्याच्या मागून वर येतो, खाडीवर सांडतो, पुलावरच्या ट्रकवाल्यांच्या डोळ्यांत जातो आणि कुणालाही न विचारता अख्ख्या भिवंडी तालुक्यावर पसरतो. दुसरा किलोवॅटमध्ये मोजतात. त्याला अर्ज लागतो, आधार लागतं, चालू वीजबिल लागतं, आणि एवढं सगळं करून तो उगवलाच तर मंजूर भाराइतकाच उगवतो. पहिल्याला गाव कंटाळलेलं आहे. दुसऱ्याच्या मागे सध्या सगळं गाव धावतं आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने पीएम सूर्यघर योजना आणली. एक कोटी घरांवर सौर पॅनेल आणि महिना ३०० युनिटपर्यंत वीज मोफत असा तिचा बोलबाला झाला. तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या गच्च्या पाहण्यासारख्या झाल्या आहेत. एका घराची गच्ची एवढी मोठी, की तिच्यावर पोरं टेनिस बॉलच्या स्पर्धा भरवतात. समोरच्याची एवढी लहान, की तिथे दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला जिन्यात थांबावं लागतं. पण दोघांच्याही डोक्यावर पॅनेल मात्र बरोबर तीन किलोवॅटचे. पुढच्या गल्लीत जा, तिथेही तीन. कारण साधं आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार अनुदान, तिसऱ्याला १८ हजार, आणि चौथ्यापासून पुढे सरकार तुम्हाला ओळखत नाही. एकूण ७८ हजार. कुठे किती ऊन पडतं हे अक्षांशावर ठरतं, असं शाळेत शिकवलं होतं. कोनगावात ते ७८ हजारांवर ठरतं.

मोठ्या गच्चीवाल्या दादूसला मी सहज म्हटलं, "दादूस, एवढी जागा मोकळी पडलीय. आणखी दोन किलोवॅट बसवून टाक की."

"चवथ्याला सबसिडी नाय," तो म्हणाला, "मंग त्यो लावाचा कशाला?"

त्याच्या गच्चीच्या उरलेल्या दोन तृतीयांश भागावर पडणारं ऊन त्या क्षणी बेवारस झालं.

अनुदान हवं तर पॅनेल देशी लागतं. वरची काच-चौकट इथे जोडलेली असून भागत नाही, आतली सेलसुद्धा इथेच बनलेली हवी. गावातल्या लोकांनी आयुष्यात मोबाइल उलटा करून कुठे बनला ते पाहिलं नाही, पण पॅनेलच्या पाठीवरची चिठ्ठी सगळ्यांनी जिन्यावर उभं राहून वाचली. आमच्या घरी सोलारवाला पोरगा घामाघूम होऊन एकेक चौकट वर चढवत होता आणि खाली आई कमरेवर हात ठेवून उभी होती. तिला अनुदानाशी, सेलशी, किलोवॅटशी काही घेणंदेणं नव्हतं.

"आन् माजी मिरची कुठं वालत घालू?"

या प्रश्नाला कुठल्याही नियमावलीत उत्तर नाही. मार्च-एप्रिलात आमच्याकडे गच्ची ही माणसांची नसते. तिच्यावर लाल मिरची, धणे, हळकुंडं, पापड, कुरडया आणि एका कोपऱ्यात मांजरांपासून राखलेले सुके बोंबील यांचा ताबा असतो. सोलारवाल्याने उपाय सांगितला: सांगाडा उंच करू, खाली वाळवण घाला. आईने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो स्वतःच म्हणाला, "हां, खाली सावली येणार." शेवटी तह झाला. दक्षिणेचं ऊन सरकारी योजनेला आणि पश्चिमेचं मिरचीला. मिरचीला अनुदान नसल्यामुळे तिच्या वाट्याला उतरतं ऊन आलं.

यानंतर मंजूर भार. वीजबिलाच्या वरच्या भागात, जिथे आपण कधी पाहत नाही, तिथे हा आकडा असतो. वडिलांनी घराला जोडणी घेतली तेव्हा दोन बल्ब, एक पंखा आणि ट्रान्झिस्टर एवढा संसार होता. भार मंजूर झाला एक किलोवॅट. पुढे फ्रीज आला, मिक्सर आला, पोरांनी हट्टाने एसी आणला, पण बिलावर आम्ही अजून दोन बल्ब आणि एक पंखाच आहोत. राज्य वीज नियामक आयोगाचा २०१९ चा नियम असा, की छपरावरची सौर क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे वीज तयार करायची असेल तर आधी आम्ही जास्त वीज खाणार आहोत असा अर्ज करायचा. उपासाची परवानगी मिळण्यासाठी भूक वाढल्याचा दाखला आणा, असला हा प्रकार. २०२४ च्या केंद्रीय नियमांनी यात दया दाखवली. दहा किलोवॅटपर्यंतचा अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर समजायचा आणि भार वाढवायचं काम वीज कंपनीने आपोआप करायचं. त्या आपोआपसाठी मला किती खेपा पडल्या हे मी सांगणार नाही. काउंटरवरच्या मुलीचं लग्न ठरल्याचे पेढे मला मिळाले, एवढं पुरे.

शिवाय डीपी, म्हणजे गल्लीचा ट्रान्सफॉर्मर. एका डीपीवर तिच्या क्षमतेच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच छपरावरची वीज घेता येते. आधी येईल त्याला आधी. त्यामुळे गल्लीत एक नवंच संशयाचं वातावरण पसरलं. कुणाकडे सोलारवाल्याची मोटरसायकल दिसली, की संध्याकाळी तिघे जण त्याच्या ओट्यावर जाऊन चहा पितात आणि हवापाण्याच्या गप्पा मारता मारता विचारतात, "किती टाकलेस?"

आता कुणी म्हणेल, हे सगळं नवीन आहे. कोनगावात राहणाऱ्याने तरी असं म्हणू नये. इथे खाडीच्या पलीकडे कल्याण, अलीकडे भिवंडी. आणि आमच्या भोवतीच्या मुलखात जे जे उभं आहे, ते कुठल्या ना कुठल्या नियमाच्या सावलीत उभं आहे.

गोदामंच घ्या. माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यात पत्र्याची जी नगरं उभी आहेत, ती कुणी नदी, हवा, माती पाहून वसवली नाहीत. मुंबईला जकात होती. माल नाक्यातून आत गेला की पैसे. मग माल नाक्याबाहेर ठेवा, लागेल तसा आत न्या. नाक्याबाहेर काय होतं? ग्रामपंचायती होत्या, आणि भातशेती होती. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर शेतात खांब उभे राहिले, खांबावर पत्रे आले. २००७ मध्ये भिवंडीभोवतालच्या ६० गावांचं नियोजन एमएमआरडीएकडे आलं तेव्हा नियोजन करायला साहेब लोक आले आणि पाहतात तर नियोजनाच्या जागी गोदाम. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. ज्या नियमासाठी गोदामं आली तो नियम गेला, गोदामं राहिली. आमच्याकडे पाहुणेही असेच करतात.

यंत्रमागांचं तर विचारूच नका. मागाला सवलतीची वीज मिळते, आणि सवलतीला रेषा असते. नियामक आयोगाच्या दरपत्रकात ती रेषा २० किलोवॅटवर आहे. सरकारच्या निर्णयात ती २७ अश्वशक्तीवर आहे. गुणाकार केला तर दोन्ही जवळपास एकच निघतात, पण एका खात्याने किलोवॅट म्हटलं म्हणून दुसऱ्यानेही तेच म्हणावं असा कुठे नियम आहे? २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने २७ अश्वशक्तीच्या आतल्या मागांना युनिटला एक रुपया आणि वरच्यांना ७५ पैसे जादा सवलत जाहीर केली. मला भिवंडीतल्या एका शेठनी फार वर्षांपूर्वी कारखाना दाखवला होता. दारातून आत शिरलो तर एकच लांबलचक शेड, पण मधोमध प्लायवूडची भिंत, भिंतीला दार, दार सदैव उघडं. इकडचा मीटर शेठच्या नावावर, तिकडचा भावाच्या. मी विचारलं, "भाऊ कुठे असतात?" शेठ म्हणाले, "दुबईला. पण मीटर इकडेच असतो." जगात कारखाने मोठे होतात, भिवंडीत ते रेषेपर्यंत मोठे होतात आणि मग त्यांना भाऊ होतो.

आणि भारनियमन! २०१० च्या आसपास ज्यांनी दहावी दिली त्यांना हा शब्द भूगोलाच्या पेपरात नसूनही पाठ आहे. वीज कमी पडत होती, ती कुणाला किती तास नाही द्यायची याची रीत नियामक आयोगाने मान्य केली होती. प्रत्येक विभागाला गट: ए, बी, सी, डी, आणि खाली उतरत जाणारे. जिथे गळती आणि थकबाकी जास्त, तिथे अंधार जास्त. तत्त्व म्हणून यात चूक काढणं कठीण. पण आमच्यासारखा वेळेवर बिल भरणारा माणूस जेव्हा खालच्या गटात जन्माला येतो, तेव्हा त्याला कळतं की शेजाऱ्याने केलेल्या कॉपीवरून आपण नापास झालो आहोत. रात्री गच्चीवर बसलं की खाडीपलीकडे कल्याणचे दिवे दिसत. तिथला गट वेगळा, तास वेगळे. पोरी देताना लोक कुळी, शेती, नोकरी पाहत. एका मावशींनी नवऱ्या मुलाच्या बापाला गट विचारल्याचं मी स्वतः ऐकलं आहे.

भिवंडी मंडळात त्याच्या काही वर्षं आधी शंभर युनिट पाठवली तर निम्म्याहून अधिक युनिटांचे पैसे परत येत नसत. काही तारेत गळत, काही वसुलीत, आणि काही रात्रीच्या वेळी बांबूच्या टोकाने उतरवून घेतली जात. त्यावर उपाय म्हणून २६ जानेवारी २००७ ला महावितरणने मंडळाची वितरण व्यवस्था टोरंट पॉवर या अहमदाबादच्या कंपनीला फ्रँचायझी म्हणून दिली. देशातला अशा प्रकारचा हा पहिला प्रयोग. तारा कंपनीने सांभाळायच्या, बिल कंपनीने वाटायचं, पण दर महावितरणचा, आणि महावितरणचा दर ठरवणार नियामक आयोग. गळती पुढे वीस टक्क्यांच्या खाली आली. हा आकडा देशभरच्या भाषणांत गेला. कागदावर तुमच्या दारातल्या मीटरला इतके पालक आहेत, की त्याच्या शाळेच्या दाखल्यावर कुणाचं नाव लावायचं हा प्रश्न पडावा. सोलारचा अर्ज भरताना नेमकं हेच झालं. पोर्टलवर कंपनी निवडायची होती. दादूस बराच वेळ यादीकडे बघत बसला आणि शेवटी वैतागून म्हणाला,

"आरं, सूर्य काय टोरंटचा हाय का म्हावितरनचा?"

रेल्वेला हे प्रश्न पडले नाहीत. तिचं राज्यच वेगळं. मुंबईहून पुण्याकडे विजेवर गाड्या न्यायच्या ठरल्या, तेव्हा जीआयपी रेल्वेने १९२९ च्या सुमारास खाडीपलीकडे ठाकुर्लीजवळ चोळ्याला स्वतःचं वीजघरच बांधलं. कोळसा तिचा, वाघिणी तिच्या, गाड्या तिच्या. परवानगी मागायची ती स्वतःकडेच, आणि ती दिली असणार. पुढे अर्धशतकाहून अधिक चालून ते बंद पडलं.

त्याहीआधी टाटांनी सह्याद्रीत धरणं बांधली आणि घाटाखाली वीजघरं. १९१५ मध्ये खोपोली, १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, आणि मावळातल्या शेतकऱ्यांना जमीन हवी होती. भूसंपादनाचा कायदा कुणाच्या बाजूने उभा राहिला हे मुळशीत कळलं. तिथल्या धरणाविरुद्धच्या १९२१ च्या सत्याग्रहाने पांडुरंग महादेव बापटांना सेनापती केलं, पण धरण झालंच. या धरणांतलं पाणी खरं तर पूर्वेकडे, भीमेकडे जायचं. ते घाटाखाली सोडून त्यावर चक्रं फिरवली जातात. भिवपुरीचं पाणी तिथून उल्हास नदीत येतं, बदलापूर-उल्हासनगर-कल्याणची तहान भागवतं आणि उरलंसुरलं आमच्या खाडीला मिळतं. तेव्हा कोनगावच्या धक्क्यावरून दिसणारं पाणी म्हणजे एकदा सेवेत राहून निवृत्त झालेलं पाणी आहे. त्याचा वासही अलीकडे पेन्शनीत निघालेल्या फायलींसारखा येतो, पण त्याला वीजघर जबाबदार नाही. मधली शहरं आहेत.

पाण्याचं उतरणं हा निसर्गाचा नियम असेल, पण किती उतरायचं हा लवादाचा. कोयनेत १०५ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं पश्चिमेकडे सोडून वीज करायला वर्षाला ६७.५ टीएमसी, असं कृष्णा पाणी तंटा लवादाने ठरवून दिलं. बच्छावत लवादाचा हा निवाडा १९७६ चा. वर्ष मोजायचं १ जून ते ३१ मे. म्हणजे मे महिन्यात राज्य घामाने निथळत असताना, धरणात पाणी असताना, आणि १,९६० मेगावॉटची यंत्रं जागेवर असताना, कोटा संपत आला म्हणून हात आखडता घ्यावा लागतो. कर्नाटक आणि आंध्रच्या शेतांचं पाणी कुणी पळवू नये म्हणून ही रेषा आहे, आणि ती असायलाच हवी. पण कोयनेच्या अभियंत्याची मला दया येते. बाकीच्या जगात लोक इंजिनाची टाकी पाहतात. त्याला कॅलेंडर पाहावं लागतं.

दाभोळचं एन्रॉन तर नियमाऐवजी करारावरच उभं होतं. १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार, १९९५ मध्ये सरकार बदललं आणि करार रद्द, १९९६ मध्ये पुन्हा करार. अरबी समुद्रात बुडवायचा म्हणून जाहीर झालेला प्रकल्प १९९९ च्या मे महिन्यात ७४० मेगावॉटने सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. वीज दर ठरवणारा राज्य वीज नियामक आयोग ऑगस्ट १९९९ मध्ये अस्तित्वात आला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. फक्त या घोड्याला नंतर फार काम पडलं.

या आयोगाच्या जनसुनावणीला प्रत्येकाने एकदा तरी हजर राहावं असं माझं मत आहे. महावितरणची याचिका शेकडो पानांची. पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्थांचे अभ्यासू लोक येतात आणि इंधन समायोजन आकाराच्या एका दशांशावर वीस मिनिटं बोलतात. उद्योगवाले येतात आणि आता उद्योग गुजरातला जाणार असं सांगतात. दर वर्षी सांगतात. मग एक सामान्य ग्राहक उठतो. त्याने रात्रभर भाषण तयार केलेलं असतं. तो अध्यक्षांना वंदन करतो, संविधानाचा उल्लेख करतो आणि म्हणतो, "आमच्या दारातल्या डीपीचं झाकण तीन महिने उघडं आहे." सगळ्या सुनावणीत मला पूर्ण कळलेला मुद्दा तेवढाच. पण चेष्टा बाजूला ठेवून सांगतो, की या सुनावण्यांनी फरक पडतो. २०१९ मध्ये छपरावरच्या सोलारच्या नियमांचा मसुदा आला, त्यात नेट मीटरिंगला, म्हणजे जादा वीज बिलात वळती करण्याच्या सोयीला, कात्री लावायचा बेत होता. हरकतींचा ढीग पडला. डिसेंबरात अंतिम नियम आले तेव्हा कात्री मागे घेतलेली होती.

आता मूळ दुखणं. गोदामाच्या एका मोठ्या शेडचं छप्पर लाखभर चौरस फूट असतं. त्यावर साधारण एक मेगावॉट सोलार बसेल. आमच्या पट्ट्यात असल्या शेड किती आहेत ते पावसाळ्याआधी विमानातून मुंबईत उतरणाऱ्याला विचारा. त्याला वाटतं, खाली पाण्याचा तलाव चमकतोय. पण गोदामात वीज जाळतं कोण? थोडे दिवे, थोडे पंखे, फोर्कलिफ्टचा चार्जर, वॉचमनचा मोबाइल. मंजूर भार असतो तेवढाच. आणि नियम काय म्हणतो? मंजूर भाराइतकंच ऊन. मेगावॉटभर छपरावर एका कोपऱ्यात पंधरा-वीस किलोवॅट बसवायचे आणि उरलेल्या पत्र्यावर कबुतरं.

दोनशे मीटरवर मागाची शेड. तिथे दोन पाळ्यांत खटाखट चालू, वीज हवीच हवी. पण छप्पर? जुनं, गळकं, एक पत्रा तुमचा एक माझा, वर कुणी खोली चढवलेली, जागेचा सातबारा अजून आजोबांच्या नावावर. छप्पर आहे तिथे भार नाही, भार आहे तिथे छप्पर नाही. मधे दोनशे मीटर. एक वायर टाकली की संपलं, असं दहावीतल्या पोरालाही सुचेल.

शेजारणीला वाटीभर साखर देता येते. युनिट देता येत नाही. २००३ च्या वीज कायद्याचं १२ वं कलम सांगतं, की परवान्याशिवाय कुणी विजेचं वितरण किंवा व्यापार करायचा नाही. तुम्ही गोदामाच्या छपरावरची वीज मागवाल्याला दिलीत, की तुम्ही वीज कंपनी झालात. कंपनी व्हायचं नसेल तर दुसरा रस्ता मुक्त प्रवेशाचा, म्हणजे वीज कंपनीच्या तारा भाड्याने वापरण्याचा. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी हरित ऊर्जेसाठी त्याची किमान मर्यादा १०० किलोवॅटवर आणली. वीज छपरातून निघते, मीटरमध्ये मोजली जाते, महावितरणच्या तारेवर चढते, वहन आकार भरते, क्रॉस सबसिडी अधिभार भरते, बँकिंगच्या अटी पाळते आणि मग समोरच्या शेडमध्ये उतरते. अंतर दोनशे मीटरच, पण मंत्रालयमार्गे. शिवाय मागवाल्याला सरकारची सवलतीची वीज आधीच मिळतेय. त्याला एवढा वळसा घालून सूर्य कशाला परवडेल? तो म्हणतो, मला हिरवी वीज नको, मला हिरव्या नोटा वाचवायच्यात.

वीज कंपनीची बाजू लंगडी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. तारा, खांब, डीपी, पावसात खांबावर चढणारा वायरमन, हे सगळं कुणाच्या तरी बिलातून चालतं. शेतीची आणि गरीब घरांची वीज स्वस्त ठेवायची तर कारखाना आणि दुकान जास्त भरतात. उद्या गोदामं, मॉल, बंगले सगळे सूर्यावर गेले, तर तारेवर उरणार कोण? पहिल्या शंभर युनिटांच्या रांगेतला माणूस. त्याच्या एका दिव्यावर सगळे खांब लटकणार. एवढं खरं आहे. पण रस्त्यापलीकडच्या मागाला दुपारची वीज देण्याने राज्य बुडेल हेही काही पटत नाही. दुपारी तशीही सौर वीज भरपूर होते म्हणून आयोगानेच स्मार्ट मीटरवाल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत सवलत देऊ केली आहे. त्या वेळेत कोनगावातलं निम्मं गाव लोकलला लटकलेलं असतं. स्वस्त वीज वापरायची तर घरी बसावं लागतं, आणि घरी बसलं तर ती स्वस्त वीजही परवडत नाही.

कुणी सुचवेल, छप्पर सोडा, जमिनीवर सोलार लावा. राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळची जमीन भाड्याने घेतात. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दर वर्षी तीन टक्के वाढ. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे भाडं गोड वाटतं, आणि ते योग्यच आहे. हा आकडा मी आमच्या नाक्यावर मोठ्याने वाचून दाखवला. एका काकांनी ऐकायला कमी येत असल्यासारखं विचारलं, "महिन्याला?" मी म्हटलं, वर्षाला. त्यावर जो हशा पिकला, त्याने शेजारच्या गोदामातला वॉचमन जागा झाला.

तर असा हा आमचा तीन किलोवॅटचा सूर्य. त्याची शेवटची अट अजून सांगायची राहिली. दिवसा जादा झालेली युनिटं तारेवर जमा होतात आणि पुढच्या बिलात वळती होतात. महिन्यामागून महिना शिल्लक पुढे जाते, पण फक्त ३१ मार्चपर्यंत. त्या दिवशी हिशेब बंद. उरलेल्या युनिटांचे पैसे मिळतात, पण आपण ज्या दराने वीज घेतो त्याच्यापेक्षा कितीतरी स्वस्तात. आजवर मार्चएंड हा सरकारी कचेऱ्यांचा आजार होता. बजेट परत जाऊ नये म्हणून साहेब लोक पडदे, खुर्च्या आणि रंगकाम काढायचे. आता तो गच्चीवरून घरात उतरला आहे.

होळीनंतर गल्लीत माणसं मोबाइलवर शिल्लक बघू लागतात. ज्यांनी वर्षभर "दिवा बंद कर" म्हणून पोरांच्या पाठीत धपाटे घातले, ते भर दुपारी एसी अठरावर लावून गोधडी पांघरतात. दादूसने गीझर उन्हाळ्यात चालू केला. त्याच्या बायकोने घरघंटी घेतली. मागच्या मार्चच्या अखेरच्या आठवड्यात ती सकाळपासून घरघरत होती. घरचे तांदूळ संपले, दिराकडचे आणले, ते संपले. एक अश्वशक्तीची ती मोटर. चाळीस युनिट जिरवायची तर पन्नासेक तास दळावं लागतं, आणि एवढ्या भाकऱ्या कोण खाणार?

माझं पॅनेल तेव्हा बसायचं होतं, आईची मिरची अख्ख्या गच्चीवर ऐसपैस पडली होती. दादूस भिंतीवरून वाकला.

"काकू, तांदूल हायेत का? दलून देतो."

"पैसं किती घेशील?" आईने विचारलं.

"पैसं कशाला? वीज देता येत नाय, पीठ देता येतं. यो साहेबाला पन विचारून झालंय."

"कंच्या साहेबाला?"

"हापीसातल्या. त्यानं पन पाच किलो धाडल्यान."